दुसऱ्यांदा घरी

१

ठकी रोज संध्याकाळी घरी दोनदा यायची. पहिल्यांदा ठकी म्हणून, आणि थोड्या वेळानं अण्णा म्हणून.

पहिलं येणं चोरपावलांनी असायचं. लिफ्टचं दार हातानं धरून हळू लावायचं, कुलूप आवाज न करता उघडायचं आणि चपला हातात घेऊन आत यायचं. स्वयंपाकघरातून मावशी, म्हणजे आईला सांभाळणारी बाई, मानेनंच खूण करायची की सुरू झालंय. खरं तर खुणेची गरज नसे. आतल्या खोलीतून आईचा आवाज येतच असायचा.

"अजून कसे आले नाहीत? बघ गं बाहेर जाऊन. दिवे लागले, अजून कसे आले नाहीत?"

मग ठकी खुंटीवरच्या पिशवीतून तपकिरी बूट काढून पायात चढवायची, हळूच बाहेर जायची आणि दुसऱ्यांदा घरी यायची. हे येणं वाजतगाजत व्हायचं. लिफ्टचं दार धाडकन लागायचं, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळायचा, पायपुसण्यावर बूट घासले जायचे. मग पॅसेजमधून जड, दमलेली पावलं आईच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि उंबऱ्याशी थांबायची. तिथे एकदा खोकायचं.

"आलात?" आई आतून विचारायची.

ठकी पुन्हा खोकायची, आधीपेक्षा जरा खालच्या आवाजात. त्या खोकल्यात हो होतं, दमलोय होतं आणि तू जेवलीस का हेही होतं. नीट खोकलं तर एका खोकल्यात पुष्कळ मावतं. मग आई शांत व्हायची, मावशीच्या हातून चार घास खायची आणि झोपायची. ठकी दारातूनच परत फिरून बूट काढायची. अण्णा होऊन आत ती कधी गेली नाही. आईला डोळ्यांनी उजेड नि सावली एवढंच कळत असलं, तरी हात लावला असता तर बिंग फुटलं असतं.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईची नजर आधी गेली, मग स्मरणाची चाळणी झाली. पहिले काही महिने ठकी खरं सांगायची, की आई, अण्णा गेले. आणि आई रोज संध्याकाळी नव्यानं विधवा व्हायची. शेवटी डॉक्टरच वैतागले. "रोज तोच घाव कशाला घालता त्यांच्यावर?" ते म्हणाले. "तुमच्या खरं बोलण्यानं कोणाचं भलं होतंय?" ठकीला ते पटलं, आणि तिला जे येत होतं ते तिनं केलं.

तिला पावलं वाजवता यायची. तोच तिचा धंदा होता. सिनेमात नटी जिना उतरते तेव्हा ऐकू येणारी पावलं नटीची नसतात. काळोख्या खोलीत पडद्याकडे बघत, माईकसमोर फरशीच्या तुकड्यावर कोणीतरी ती पुन्हा चालतं. गेली पंचवीसेक वर्षं ठकी अशी दुसऱ्यांची पावलं चालत होती. कोबीचा गड्डा बुकलून मारामाऱ्या करत होती आणि काकडी मोडून लोकांची हाडं मोडत होती. तिचं स्वतःचं चालणं कसं आहे हे मात्र तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ठकी म्हणजे लाकडी बाहुली. लहानपणी आईनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलं. आता पन्नाशीला टेकल्यावर त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि तेही रोज मारत नसे. सकाळी आईचं डोकं जरा ताळ्यावर असायचं. केस विंचरताना गुंता ओढला गेला की ती कधीतरी म्हणायची, "ठके, हळू गं." एवढ्यावर ठकीचा दिवस निघायचा. तिला नवरा नव्हता, भावंडं नव्हती, कोणाचं येणंजाणं नव्हतं. ती आईच्या त्या एका हाकेसाठी जगत होती, आणि हे तिला माहीत होतं.

२

गंमत अशी की अण्णा जिवंत असताना दिवेलागणीला घरी आले आहेत, अशी एकही संध्याकाळ ठकीला आठवत नव्हती.

ते यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायचे. आणि गावात असले तरी घरात नसायचे. बाहेर त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. आई ताट झाकून टेबलाशी बसायची. जिन्यावर चाहूल लागली की केस सारखे करायची, आणि चाहूल शेजाऱ्यांच्या दाराशी थांबली की पुन्हा तशीच बसायची. अण्णा यायचे ते टाचा आपटत. बूट एक इकडे एक तिकडे भिरकावून सरळ झोपायला जायचे. झाकलेल्या ताटाकडे त्यांनी पाहिल्याचं ठकीनं पाहिलं नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी तिनं खरेखुरे अण्णा वाजवले. भराभर, टाचा आपटत आणि कोणासाठीही न थांबता. कामात ती चोख होती, सहीसही अण्णा. आई बिछान्यात अंग चोरून घेऊन ओरडली, "कोण? कोण आहे ते?"

दुसऱ्या दिवशी ठकीनं चाल बदलली. जरा सावकाश केली. फरशी मळू नये म्हणून पायपुसण्याशी थांबणारा, आणि बायकोच्या दारात थबकणारा माणूस केला. त्याला तिनं दिवसभराचं दमणं दिलं आणि घरी पोचल्याचं सुख दिलं. आईनं उशीवरून मान उचलली आणि आयुष्यात कधी विचारलं नसेल अशा आवाजात विचारलं, "आलात?"

तेव्हा ठकीला कळलं की आई वाट बघते आहे ती अण्णांची नाहीच. अण्णा नावाच्या जागी जो यायला हवा होता त्याची ती वाट बघते आहे. दुधाची तहान ताकावर भागवतात, इथे तर नुसत्या भांड्याच्या आवाजावर भागत होती. ठकीला त्या संध्याकाळी आईची कीव आली आणि रागही आला. इतकं प्रेम, आणि ते घ्यायला समोर कोणी असण्याचीसुद्धा त्याला गरज नव्हती. ठकी समोर होती. तिच्याकडे ते कधी वळलं नाही.

अण्णांचे बूट केव्हाच कोणाला तरी देऊन टाकले होते. हे बूट स्टुडिओच्या फळीवरचे. त्यांतून ठकी एक न्यायाधीश चालली होती, दोन खुनी चालली होती आणि नवरे तर किती चालली होती त्याला सुमार नाही. तिच्या पायाला ते खूपच मोठे होते. आत बोळे कोंबले तरी डावी टाच निसटायची आणि पाऊल पडल्यावर मागून एक बारीकसा ठोका यायचा. टाक्-ट. स्टुडिओत ती ते जपून टाळायची. घरी कोण ऐकणार म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं.

रेकॉर्डिस्ट तिचा जुना सोबती, तोंडाचा फटकळ. "नवरा नसताना नवऱ्याचे बूट घरी नेणारी तूच पहिली," तो म्हणाला. पण तिनं कशासाठी ते सांगितल्यावर त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"माणूस दिसत नसताना पडद्याबाहेरून येणारी पावलं जपून द्यावीत, बाई. एकदा आवाज दिला की लोक वाट बघतात. मग माणूस द्यावा लागतो."

"आमच्या आईला पडदा कुठे दिसतोय?" ठकी म्हणाली.

"मी आईबद्दल बोलत नाहीये," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा टेक लावला.

३

एके सकाळी ठकी केस विंचरत होती. गुंता ओढला गेला. आई 'हळू गं' म्हणाली नाही. ती स्वतःशीच हसत होती.

"काल त्यांचे पाय फार दुखत होते," ती म्हणाली.

"कोणाचे?"

"यांचे. किती वेळ बसले होते इथे. मी दाबून दिले तेव्हा बरं वाटलं."

मनी वसे ते स्वप्नी दिसे, ठकीनं मनाशी म्हटलं. मग तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. वेताची जुनी खुर्ची नेहमी खिडकीशी असायची आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत असायची. आज ती पलंगाला अगदी टेकून होती. कपडे खिडकीच्या कट्ट्यावर होते, चळत न मोडता उचलून ठेवलेले. मावशीनं भरवायला बसताना सरकवली असेल. त्यात एवढं काय?

"मी पलंगावरच बसते, ताई," मावशी म्हणाली. "खुर्ची तुम्हीच घेतली असेल की."

ठकीनं वाद घातला नाही. ती आईचे हात पुसायला बसली. आईच्या उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. नखांच्या कडेनं तपकिरी रेघा होत्या. तिनं बोट नाकाशी नेलं. बुटाचं पॉलिश.

आई पलंगावरून स्वतः उठू शकत नव्हती. बूट बाहेरच्या खोलीत, खुंटीवरच्या पिशवीत होते. ठकीनं विचार केला, आपण काल बूट काढले, मग रात्री उशिरा आईला पाणी पाजायला गेलो, हात धरला. तेव्हा आपल्याच हाताचं लागलं असेल. खरं तर बूट काढल्यावर ती हात धुवायची, वर्षानुवर्षांची सवय होती. पण काल नसतील धुतले. समजूत घालायला एक कारण पुरतं, ते खरं असलंच पाहिजे असं कुठे आहे? तिनं साबणाच्या पाण्यानं आईची बोटं घासून काढली.

"बाई," आई म्हणाली, "दिवे लागायला किती अवकाश आहे?"

"आई, मी ठकी."

"हो का? बरं. पण दिवे लागायला किती अवकाश आहे?"

त्यानंतर रोज सकाळी हेच. पूर्वी आईला संध्याकाळ झाली की वाट बघण्याचं वेड लागायचं. आता ती डोळा उघडल्यापासून संध्याकाळची वाट बघायची. अंगावर चांगलं मांस चढलं होतं, गालांवर तजेला आला होता. डॉक्टर खूश झाले. "काय जादू केलीत?" त्यांनी विचारलं. ठकी हसली. पण मग स्टुडिओत जाताना वाटेत तिला रडू आलं. आपणच शिजवावं आणि आपल्यालाच पानावरून उठवावं, तशी तिची गत झाली होती. ती जळत होती. आणि ज्याच्यावर जळायचं तो तीच होती, निदान तोपर्यंत तिला तसं वाटत होतं.

४

त्या दिवशी स्टुडिओत काम लांबलं. सिनेमात एक म्हातारा इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातून चालत जातो, एवढंच होतं. पण दिग्दर्शकाला ती पावलं काही केल्या पसंत पडेनात. ठकीनं तपकिरी बूट घरून बरोबर आणले होते आणि तेच तिच्या पायात होते. बाहेर उजेड सरत आला तशी तिला चुटपुट लागली. तिनं मध्येच थांबून घरी फोन लावला.

"मावशी, मला उशीर होतोय. आई फार ओरडायला लागली तर गोळी द्या, मी येतेच."

"अहो ताई, चेष्टा करता का?" मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच तर आलात. आजींच्या खोलीत बसलात ना?"

ठकीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"ताई?"

"मी स्टुडिओत आहे, मावशी."

"मग मी बघून येऊ?" मावशीनं विचारलं. ठकीनं नको म्हणावं अशीच तिची इच्छा असावी.

"नको. तिथेच थांबा. फोन फक्त पॅसेजकडे धरा."

ठकीनं दुसरा कान बोटानं बंद केला. आधी फ्रिजची घरघर आली. मग आईचा आवाज, काहीतरी सांगत असलेला, न थांबता. आई बोलत होती तशी ठकीशी कधी बोलली नव्हती. ती मध्येच हसली, लहान मुलीसारखं मोकळं. मग वेत करकरला. कोणीतरी उठून खोलीतल्या खोलीत खिडकीपर्यंत गेलं, आणि परत आलं.

टाक्-ट. टाक्-ट.

वरच्या मजल्यावरचं असेल, शेजारचं असेल, फोनवर आवाज घुमतात. ठकीनं हे सगळं मनाशी म्हणून पाहिलं. पण स्वतःचं अक्षर जसं माणूस कुठेही ओळखतं, तसं ते तिला ओळखू आलं. ती अण्णांची चाल नव्हती. अण्णांची टाच कधी निसटली नाही, त्यांचे बूट मापाचे होते. ती ठकीची चाल होती, ठकीच्या चुकीसकट. आतापर्यंत ती चाल दारापाशी थांबत होती. आता दाराच्या आत होती.

तिनं खाली बघितलं. बूट तिच्याच पायात होते.

"काय झालं?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला.

"काही नाही," ती म्हणाली. "माझाच टेक ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी मावशीनं काम सोडलं. तक्रार नव्हती, आजी देवमाणूस आहेत म्हणाली. चप्पल घालताना तेवढं पुटपुटली, "पण ताई, मी एकाच माणसाचं करायला आले होते."

५

ठकीनं बूट स्टुडिओच्या फळीवर नेऊन ठेवले, रजा टाकली आणि घरीच राहिली. आता नाटक बंद, तिनं ठरवलं. आईला खरं सांगायचं, मग ती रडली तर रडू दे. रडेल तरी माझ्याजवळ.

दुपारी ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. ठकी खुर्ची ओढून बसली आणि तिनं आईचा हात हातात घेतला.

"आई, अण्णा गेले. फार वर्षं झाली."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

ठकीनं वाकून तिच्याकडे पाहिलं. आईचा चेहरा स्वच्छ होता. खूप दिवसांनी तिच्या कपाळावरची ती हरवल्यासारखी आठी नव्हती.

"माहीत आहे? मग रोज संध्याकाळी कोणाची वाट बघतेस?"

"ते कुठे गं येत होते कधी संध्याकाळी?" आई सहज म्हणाली. "ते नव्हतेच येणारे. हे येतात."

"हे म्हणजे कोण?"

"ते मला काय माहीत? मी विचारलं नाही. येतात, बसतात, माझं सगळं ऐकून घेतात. हातात हात देतात." आईनं आवाज खाली आणला. "विचारलं आणि यायचे थांबले तर?"

"आई, ती मी आहे. मी बूट घालून यायचे. तो खोकला माझा होता. सगळं मीच केलं, तुझ्यासाठी."

"तू दारापर्यंत यायचीस," आई म्हणाली. "ते मला पहिल्या खोकल्यापासून ठाऊक होतं. माझ्या लेकीचा खोकला मला कळणार नाही होय? मी म्हणायचे, आज आत येईल. मी विचारायचे, आलात? की तू परत फिरायचीस, आणि मग मावशी यायची घास घेऊन." तिनं हात सोडवून घेतला आणि दुलईखाली नेला. "एक दिवस मी विचारलं, आलात? आणि पावलं परत फिरली नाहीत."

ऊन पलंगावरून खाली सरकलं तरी ठकी तशीच बसून होती. तिला आठवत होतं. रोज बूट काढताना तिला वाटायचं की आत जावं, नुसतं जवळ बसावं. मग वाटायचं, नको, बिंग फुटेल, आणि पोटात भूकही लागलेली असायची. जे आत जायला तळमळायचं ते रोज ती दारात सोडून यायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवायची.

"आता मी आत आले आहे, आई," ती म्हणाली. "आता मी रोज बसेन. या खुर्चीत मीच बसेन."

पण आईची ती आठी परत आली होती. "बाई," तिनं विचारलं, "दिवे लागायला किती अवकाश आहे?"

६

ठकी खुर्चीतून उठली नाही. खोली अंधारत गेली तरी तिनं दिवा लावला नाही. बाहेरचं दार तिनं आतून कडी घालून बंद केलं होतं, आणि ते तिला आठवत होतं.

"उठा हो बाई," आई म्हणाली. "ती जागा त्यांची आहे."

"ही माझी जागा आहे. मी तुझी मुलगी आहे, आई."

"उठा ना. ते आले की बसणार कुठे?"

लिफ्टचं दार लागलं. ते कोणाचंही असू शकतं, ठकीनं म्हटलं. किल्ल्या खुळखुळल्या. कडी निघाल्याचा आवाज आला नाही, तरी पायपुसण्यावर बूट घासले गेले. मग पॅसेजमधून सावकाश, दमलेली, घरी पोचल्याचं सुख असलेली पावलं आली. तिनं घडवली होती तशीच, पण तिला कधी जमली नव्हती इतकी चांगली. पावलं दाराशी थांबली.

खोकला आला.

"आलात?" आई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ठकीला ढकलायला लागली. त्या हातांत जोर नव्हता. "उठा. उठा ना. ते उभे आहेत हो. दमून आलेत. किती वेळ उभे राहतील?"

ठकीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. दारातलं कोणी आत आलं नाही, परतही गेलं नाही. ते अदबीनं थांबून होतं. आणि आई रडायला लागली. ती आरडाओरडा करत नव्हती. ताट झाकून टेबलाशी बसायची तेव्हा रडायची, तशी ती तोंड मिटून रडत होती. लहानपणी पांघरुणातून ठकीनं ते रडणं पुष्कळ ऐकलं होतं, आणि मोठी झाल्यावर हे थांबवीन असं तेव्हा ठरवलं होतं. ती आणखी थोडा वेळ बसली. मग तिच्यानं बसवेना.

ती उठली.

दारातून बाहेर पडताना तिनं मान खाली घातली होती. पायांकडे बघायची तिची जन्माची सवय. उंबऱ्याशी तपकिरी बूट होते, आणि तिला वाट देण्यासाठी ते जरा बाजूला सरकले. त्या बुटांच्या मानानं आतला पाय फार लहान होता. घोटा बारीक होता, बाईमाणसाचा, आणि टाच बुटातून अर्धी वर निघाली होती. त्याच्या वर ठकीनं पाहिलं नाही. तिच्या अंगाला ऊब लागली, खूप वेळ कोणाच्या तरी जवळ बसलेल्या माणसाच्या अंगाला असते तशी. मग ती पॅसेजमध्ये होती आणि पावलं आत गेली होती.

आईचं रडणं लगेच थांबलं. वेत करकरला.

ठकी वळली. खोलीत अंधार होता. पलंगाशेजारी खुर्चीच्या जागी तेवढा जरा जास्त दाट होता, आणि आईचा हात त्याच्या हातात असल्यासारखा अधांतरी टेकलेला होता.

"कोण आहे दारात?" आईनं विचारलं.

"मी आहे, आई. ठकी."

आईनं खुर्चीकडे तोंड वळवलं. "बघा हो जरा. कोणी बोललं का तिथे?"

थोडा वेळ काहीच आलं नाही. त्याला ठकीनं खोकला दिला होता, बोलणं कधी दिलं नव्हतं.

"कोणी नाही," आतून उत्तर आलं. फार मायेचा आवाज होता. असं मायेनं आपल्याला आईशी बोलता यावं, असं ठकीला जन्मभर वाटत आलं होतं.

"मग दार लावून घ्या," आई म्हणाली.

पावलं दाराशी आली आणि ठकीच्या तोंडावर दार हळूच लागलं. ती दाराला हात लावून उभी राहिली. लाकडापलीकडे आई कोणाला तरी दिवसभराचं सांगत होती. सांगता सांगता ती थांबली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आपल्याला मुलगी असायला हवी होती हो."